‘आपण’ आणि ‘तो’ : केरीतील एका राजीनाम्याभोवतीची लोकवाणी

४ ऑगस्ट २०१८ रोजी आयर्लंडच्या नैर्ऋत्येकडील केरी या काउंटीच्या गेलिक फुटबॉल संघाने किलार्नी येथील मैदानावर किल्डेअरच्या संघाचा पराभव केला, आणि सामना संपल्यावर थोड्याच वेळात केरीचे व्यवस्थापक एमन फिट्झमॉरिस यांनी आपण पद सोडीत असल्याचे जाहीर केले. विजयानंतरचा हा राजीनामा वरकरणी चमत्कारिक दिसतो. परंतु त्या वर्षी अखिल-आयर्लंड अजिंक्यपदाच्या स्पर्धेत उपांत्य फेरीपूर्वी आठ संघांचे दोन गट पाडण्याची नवी पद्धत सुरू झाली होती. केरीचा संघ डब्लिन येथे गॉलवेकडून हरला होता. क्लोनेस येथे मोनॅहनशी त्याने अगदी अखेरच्या क्षणी कशीबशी बरोबरी साधली होती. त्यामुळे किल्डेअरवर मात करूनही, त्याच वेळी दुसऱ्या मैदानावर चाललेल्या सामन्यात गॉलवेने मोनॅहनला हरविल्याखेरीज केरीचा निभाव लागणार नव्हता. तसे घडले नाही. मोनॅहन जिंकले आणि केरीचा संघ स्पर्धेबाहेर गेला. ज्या संघाने काही आठवड्यांपूर्वीच मन्स्टर प्रांताच्या अंतिम सामन्यात कॉर्कला सतरा गुणांनी लोळविले होते, त्याची ही गत झाली.

पद सोडताना फिट्झमॉरिस यांनी एक गोष्ट उघड केली. आपल्या कारकीर्दीत आपणास शिवराळ निनावी पत्रे येत असत, असे त्यांनी सांगितले. हे कळताच केरीतील वातावरण पालटले. व्यवस्थापकाच्या डावपेचांवर ज्यांनी पूर्वीच्या तीन आठवड्यांत तोंडसुख घेतले होते, त्यांच्याच तोंडी आता कृतज्ञतेची भाषा आली. हा पालट कसा झाला आणि त्याचा अर्थ काय लावावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. खेळाच्या गुणदोषांची चर्चा करण्याचा माझा अधिकार नाही. पाठीराख्यांची वाणी ही एक संहिता मानून तिचे वाचन करावे, इतकाच येथे उद्देश आहे.

अशा वाणीविषयी दोन मते प्रचलित आहेत. पहिले मत असे, की लोकसमूह मूलतः कृतघ्न असतो. जिंकून देणाऱ्यास तो डोक्यावर घेतो आणि हरणाऱ्यास पायदळी तुडवितो. दुसरे मत नेमके उलट आहे : हा सारा राग म्हणजे खेळावरील उत्कट प्रेमाचेच रूप असून, म्हणून तो क्षम्य आहे. पहिल्या मताला राजीनाम्यानंतरच्या कृतज्ञतेचा उलगडा करता येत नाही. ती ढोंग म्हणून सोडून द्यावी लागते. दुसऱ्या मताला निनावी पत्रांचा उलगडा करता येत नाही. ती अपवाद म्हणून बाजूस सारावी लागतात. जे मत समोरच्या सामग्रीपैकी निम्मी सामग्री ढोंग किंवा अपवाद म्हणून वगळते, त्याच्यावर समाधान मानणे अभ्यासकास शोभणारे नाही.

गेलिक फुटबॉलची समाजरचना ज्यांना परिचित नाही त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगणे प्राप्त आहे. १८८४ साली थर्ल्स येथे स्थापन झालेल्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनच्या नियमांनुसार हा खेळ खेळला जातो. प्रत्येक बाजूस पंधरा खेळाडू असतात. चेंडू आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेल्यास तीन गुण आणि दांड्यावरून गेल्यास एक गुण, अशी मूळ गणना आहे. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाचे नियम मैदानाबाहेरचे आहेत. खेळाडूंना वेतन नसते. ते शिक्षक, शेतकरी, पोलीस, बँकेतील कारकून असे कोणीही असतात आणि सायंकाळी सरावास येतात. सामान्यतः जो ज्या काउंटीचा, तो त्याच काउंटीकडून खेळतो. खेळाडूंची खरेदी-विक्री नाही. २०२२ च्या जनगणनेनुसार केरीची लोकसंख्या सुमारे १ लक्ष ५६ हजार होती, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम तालुक्याहूनही कमी. अशा ठिकाणी मैदानावरील खेळाडू हा प्रेक्षकाचा शेजारी, भाचा किंवा मुलांचा गुरुजी असतो. स्वतः फिट्झमॉरिस हे डिंगल येथील शाळेत शिक्षक होते. ज्यांनी रविवारी त्यांच्या डावपेचांना नावे ठेवली, त्यांच्यापैकी कोणाची ना कोणाची मुले पुढे त्यांच्याच वर्गात बसावयाची.

या रचनेत ‘व्यवस्थापक’ ही व्यक्ती तुलनेने नवी आहे. पूर्वी संघाची निवड समितीकडे असे आणि तयारीची जबाबदारी प्रशिक्षकाकडे. केरीचे डॉ. एमन ओसुलिव्हन हे किलार्नीच्या मनोरुग्णालयातील वैद्य; १९२४ ते १९६२ या काळात त्यांनी केरीचे आठ अजिंक्य संघ घडविले आणि १९५८ साली या खेळाच्या कलेवर व शास्त्रावर एक पुस्तकही लिहिले. पण ते आजच्या अर्थाने व्यवस्थापक नव्हते. १९७० नंतरच्या दशकात डब्लिनचे केव्हिन हेफर्नन आणि केरीचे मिक ओड्वायर यांच्या उदयाबरोबर संघाचे सारे कर्तृत्व एका माणसाच्या नावावर जमा होऊ लागले. आज हा माणूस मैदानाच्या कडेला अंगरख्यावर आयरिश भाषेतील एक शब्द मिरवीत उभा असतो : ‘बॅनिश्तोर’. शिक्षक, शेतकरी यांच्या आयरिश नावांत जो कर्तृवाचक प्रत्यय आहे तोच याच्याही शेवटी आहे. व्याकरणाच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हे. समिती जोवर निवड करीत होती, तोवर पराभवाच्या वाक्याला निश्चित कर्ता नव्हता. दोष पाच-सात जणांत वाटला जाई आणि वाटला गेला की पातळ होई. व्यवस्थापक आला आणि वाक्याला कर्ता मिळाला. ‘सामना हातून गेला’ असे म्हणणारा समाज ‘त्याने सामना घालविला’ असे म्हणू लागला.

अर्थात् कर्ता उपलब्ध असला म्हणजे दोष त्याच्यावर येतोच असे नाही. १९८२ साली केरीचा संघ सलग पाचव्या अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावर असताना ऑफलीच्या शेमस डार्बी यांनी अखेरच्या मिनिटांत केलेल्या गोलामुळे एका गुणाने हरला. ओड्वायर त्या वेळी व्यवस्थापक होते. तरीही केरीच्या बोलण्यात ती कथा त्यांच्या चुकीची म्हणून रुजली नाही. ती डार्बी यांनी गोलापूर्वी केरीच्या बचावपटूला पाठीत धक्का दिला की नाही, या वादाची कथा म्हणून रुजली, आणि चार दशके उलटली तरी तो वाद मिटला नाही. दोषाला घराबाहेरचा धनी मिळाला होता. ओड्वायर पदावर राहिले आणि १९८४, १९८५ व १९८६ ही तिन्ही वर्षे जिंकले. म्हणजे घराबाहेर कोणी सापडेनासा झाला की मगच लोकवाणी घरातल्या कर्त्याकडे वळते. २०१८ साली असा बाहेरचा कोणी नव्हता.

आता सर्वनामांकडे येऊ. मराठीच्या अभ्यासकाने इतक्या दूरच्या खेळात का शिरावे, या शंकेचे उत्तरही येथेच आहे. १९७६ साली रॉबर्ट सियाल्दिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉल संघांविषयी एक संशोधन प्रसिद्ध केले. आपल्या विद्यापीठाचा संघ जिंकल्यावर विद्यार्थी त्या सामन्याचे वर्णन करताना ‘आम्ही’ हे सर्वनाम अधिक वापरतात आणि अन्यथा ते टाळतात, असे त्यात दाखविले आहे. विजयात वाटेकरी व्हावे आणि पराभवापासून अंग काढून घ्यावे, ही मनुष्यस्वभावाची लबाडी या संशोधनाने नीट पकडली. मीही काही वर्षे वर्गात हेच उदाहरण देत आलो आणि केरीतील प्रकार त्याच मापाने मोजीत आलो. एकदा एम. ए. च्या वर्गातील एका विद्यार्थिनीने विचारले : हे सर्वनाम मराठीत आणताना ‘आम्ही’ घ्यावयाचे की ‘आपण’? प्रश्न वरवर भाषांतराचा होता. पण त्याने माझी उपपत्ती मोडली.

श्रोत्यास सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ हा भेद मराठीत आहे. तो इंग्रजीत नाही आणि आयरिशमध्येही नाही. केरीचा माणूस डब्लिनच्या माणसाशी बोलताना जे एकच सर्वनाम वापरतो, तेच तो किलार्नीच्या गुत्त्यात शेजाऱ्याशी बोलतानाही वापरतो. मराठीत पहिल्या ठिकाणी ‘आम्ही हरलो’ म्हणावे लागेल, दुसऱ्या ठिकाणी ‘आपण हरलो’. येथवर अडचण नाही. अडचण पुढच्या वाक्याला येते. ‘आपल्याला नीट उभे केले नाही’, ‘आपल्याकडे माणसे होती, पण ती वापरली गेली नाहीत’, या धर्तीची वाक्ये पराभवानंतर सर्रास ऐकू येतात. येथल्या ‘आपण’मध्ये बोलणारा आहे, ऐकणारा आहे, मैदानावर धावलेले पंधरा जण आहेत, त्यांच्या आया आणि आज्याही आहेत, फक्त एक माणूस नाही. जो सर्वांच्या वतीने मैदानाच्या कडेला उभा होता, तो या सर्वनामातून हद्दपार झाला आहे. त्याला आता ‘तो’ म्हणतात, आणि पुष्कळदा नावही घेत नाहीत.

अमेरिकन विद्यार्थी पराभवानंतर स्वतः ‘आम्ही’मधून बाहेर पडतो. त्याला ते शक्य आहे, कारण विद्यापीठ हे चार वर्षांचे नाते आहे. केरीच्या माणसाला हा मार्ग मोकळा नाही; जन्मभूमी बदलता येत नाही आणि दुसऱ्या काउंटीचा झेंडा हाती धरण्याची तेथे कल्पनाही करवत नाही. स्वतः बाहेर पडता येत नाही म्हणून तो दुसऱ्याला बाहेर काढतो. सियाल्दिनी यांचा सिद्धान्त यामुळे खोटा ठरत नाही. ज्या समाजात निघून जाण्याची सोय आहे त्याच्यापुरता तो मर्यादित ठरतो, एवढेच. येथे मी माझे पूर्वीचे मत मागे घेतो.

राजीनाम्यानंतर काय होते? त्या दिवसांत वारंवार येणारे एक साचेबद्ध वचन मराठीत आणावयाचे तर एकच शब्द पुरतो : ‘आपलाच’. आपल्यातलाच एक, आपल्याच मातीतला, त्याच्याकडून आपले काही देणे निघत नाही, त्याला जेवढे शक्य होते तेवढे त्याने केले, अशा अर्थाची वाक्ये वृत्तपत्रांतून व स्थानिक नभोवाणीवरून एकामागून एक येऊ लागतात. मराठीतील ‘आपला’ हा शब्द स्वतःचा आणि आपणा सर्वांचा असे दोन्ही अर्थ वाहतो, त्यामुळे या ठिकाणी तो मूळ इंग्रजी वचनाहूनही नेमका बसतो. पद सोडताच माणूस सर्वनामात परत येतो. पदावर असेपर्यंत तो ‘तो’ असतो, पद गेले की ‘आपला’ होतो. केरीतील कृतज्ञता ढोंगी होती असे मला वाटत नाही, ते या कारणाने. तिच्यात मतपरिवर्तन नाही; डावपेच चुकले असे म्हणणारे नंतरही तसेच म्हणत राहिले. बदलले ते त्या माणसाचे समूहातील स्थान.

याच ठिकाणी आयरिश भाषेतील दोन प्रयोगांचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. केरीतील बहुसंख्य लोकांची बोली इंग्रजी असली, तरी डिंगलच्या पश्चिमेकडील भूशिरावर आयरिश ही आजही बोलीभाषा आहे. आयरिशमध्ये ‘मी रागावलो’ असे म्हणत नाहीत. ‘ता फॅरग ऑरम’, म्हणजे शब्दशः ‘माझ्यावर राग आहे’, असे म्हणतात. राग हा जणू बाहेरून येऊन अंगावर बसणारा भार आहे. आपले ‘मला राग आला’ यापासून फार दूर नाही. आणि दोष देणे यासाठीही तेच शब्दयोगी येते : दोष त्याच्या‘वर’ ठेवावयाचा. आपणही तसेच बोलतो. माझ्यावरचा भार उचलून त्याच्यावर ठेवणे, असे चित्र या दोन प्रयोगांना शेजारी ठेवले असता दिसू लागते. राजीनामा देण्यासाठी आयरिशमध्ये जो शब्दप्रयोग आहे त्याचा शब्दार्थ तर ‘त्यातून उठणे’ असा होतो. ज्याच्यावर भार ठेवला, तो त्याखालून उठला. अशा व्युत्पत्तिविलासातून समाजाचे मन वाचावयाचे नसते, ही ताकीद मी विद्यार्थ्यांना नेहमी देतो. इंग्रजीत विचार करणारा केरीकर ही चित्रे मनात आणून बोलत नाही. तरीही ती नोंदवून ठेवण्याजोगी आहेत.

आपल्या ‘राजीनामा’ शब्दाचा इतिहास मात्र अधिक कामाचा आहे. फारसी ‘राजी’ आणि ‘नामा’ यांपासून बनलेला हा शब्द मुळात संमतिपत्राचा वाचक. मराठेशाहीतील पंचायतीपुढे उभे राहणारे वादी-प्रतिवादी निवाडा मान्य करण्याचा राजीनामा आधीच लिहून देत. मुंबई इलाख्याच्या महसुली व्यवहारात जमीन सोडणाऱ्या कुळाचा राजीनामा आणि ती घेणाऱ्याची कबुलायत अशी जोडी असे. हिंदीत आजही या शब्दाचा अर्थ तडजोड असा आहे. पदत्यागासाठी तेथे निराळा शब्द वापरतात. मराठीने ‘संमती’वरून ‘पदत्याग’ असा अर्थ वळविला, पण मूळ अर्थ पुसला गेला नाही. राजीनामा देणारा कशाला तरी राजी होतो. कशाला? केरीतील पाठीराख्यांमध्ये त्या ऑगस्टमध्ये जी चर्चा झाली तिचे मर्म या प्रश्नात आहे : तो आपण होऊन गेला की त्याला घालविला? स्वखुशीने गेला असेल तर आपण निर्दोष. घालविला असेल तर घालविणारे कोण, या प्रश्नाला पुन्हा कर्ता शोधावा लागतो, आणि या वेळी तो कर्ता ‘आपण’ असण्याचा संभव असतो. मला वाटते, राजीनाम्यानंतरच्या कृतज्ञतेत जी थोडी घाई आढळते ती या भीतीमुळे.

ही भीती केरीला नवी नव्हती. पॉडी ओ शे हे खेळाडू म्हणून आठ अजिंक्यपदांचे धनी, आणि व्यवस्थापक म्हणून १९९७ व २००० ही दोन वर्षे त्यांनी केरीला जिंकून दिली. पुढे २००१ साली मीथकडून दारुण पराभव, २००२ च्या अंतिम सामन्यात आर्माकडून एका गुणाने पराभव, आणि टीकेचा भडिमार. जानेवारी २००३ मध्ये एका मुलाखतीत केरीच्या पाठीराख्यांतील एका वर्गाला उद्देशून त्यांनी ‘जनावरे’ या अर्थाचा शब्द वापरला. केरीत गदारोळ उठला आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. पाठीराख्यांनी ‘आपण’मधून बाहेर काढलेल्या माणसाने येथे उलट पाठीराख्यांनाच मनुष्यत्वातून बाहेर काढले. ‘पाठीराखे’ या मराठी शब्दात पाठ राखण्याची जी जबाबदारी आहे ती सुटली, की बोलणे या थराला येते. दोन्ही बाजूंचे येते. त्याच वर्षी टायरोनने उपांत्य सामन्यात केरीला केवळ सहा गुणांवर रोखले आणि ओ शे यांची केरीतील व्यवस्थापकपदाची कारकीर्द संपली. पुढच्याच वर्षी त्यांनी वेस्टमीथ या दुबळ्या समजल्या जाणाऱ्या काउंटीला तिचे पहिलेवहिले लेन्स्टर प्रांतिक अजिंक्यपद मिळवून दिले. २०१२ साली त्यांचे निधन झाले. आज व्हेंट्री या त्यांच्या गावी त्यांचा पुतळा आहे. त्या पुतळ्यापाशी छायाचित्र काढून घेणाऱ्यांत २००३ साली खवळलेलेही काही असतील, आणि त्यात काही विसंगती आहे असे त्यांना वाटत नसेल. ओ शे यांच्या हाताखाली खेळलेल्यांत फिट्झमॉरिस हेही एक होते, हे येथे सांगितले पाहिजे. पद स्वीकारताना त्याची किंमत त्यांना ठाऊक होती.

मेयोचे उदाहरण थोडक्यात पाहू. त्या काउंटीने १९५१ नंतर अजिंक्यपद जिंकलेले नाही. स्टीफन रॉचफर्ड यांच्या व्यवस्थापनाखाली मेयोचा संघ २०१६ चा पुन्हा खेळविलेला अंतिम सामना आणि २०१७ चा अंतिम सामना, दोन्ही डब्लिनकडून प्रत्येकी एका गुणाने हरला. २०१६ च्या त्या दुसऱ्या सामन्यात त्यांनी गोलरक्षक बदलला होता आणि नव्या गोलरक्षकाच्या हातून चूक झाली होती. त्या एका निर्णयावर मेयोत पुढे किती बोलले गेले याला गणती नाही. रॉचफर्ड यांनी ऑगस्ट २०१८ मध्येच, म्हणजे फिट्झमॉरिस यांच्यानंतर थोड्याच दिवसांत, पद सोडले. तेव्हा मात्र पुष्कळांचा रोख काउंटी मंडळाकडे वळला : मंडळाने त्यांना पुरेसा पाठिंबा दिला नाही, अशी भावना पसरली. म्हणजे मेयोत ‘आपण’च्या बाहेर काढावयास आणखी एक जागा शिल्लक होती. केरीत ती नव्हती; तेथे उरली होती ती निनावी पत्रे.

टीका आणि स्तुती एकाच विधीत नांदू शकतात, याचा नमुना आयरिश वाङ्मयात शोधावयास दूर जावे लागत नाही. १७७३ साली मारल्या गेलेल्या आर्ट ओ लिअरी याच्यासाठी त्याची पत्नी आयलीन हिने केलेला विलाप आयरिश काव्यातील एक श्रेष्ठ रचना मानली जाते. आयलीन ही केरीचीच, डेरिनेनच्या ओकॉनेल घराण्यातील. त्या विलापात आर्टची बहीण आयलीनला बोल लावते आणि आयलीन तिला तिथल्या तिथे उत्तर देते. प्रेताशेजारी भांडण, आणि तेही वृत्तबद्ध. शोकप्रसंगी दोषारोपाला तेथे मज्जाव नव्हता. किंबहुना त्याला नेमलेली जागा होती. आजचे पाठीराखे त्या परंपरेचे थेट वारस आहेत असे सुचविण्याचा माझा हेतू नाही. नालायक राजाच्या कारकीर्दीत भूमी नापीक होते या प्राचीन आयरिश कल्पनेचे दुवे फुटबॉलच्या व्यवस्थापकापर्यंत आणून जोडणारे लेखन अधूनमधून दृष्टीस पडते. ते वाचावयास मनोरंजक, पण पुराव्याच्या दृष्टीने पोकळ असते. माझे म्हणणे एवढेच, की विलापातील बहीण समोर उभी राहून बोलते. ती कोणाची कोण, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि म्हणूनच तिला उत्तर देता येते.

लहान समाजातील टीकेची खरी अट ही आहे. केरीच्या नभोवाणीवर वीशी फोगर्टी यांनी अनेक वर्षे चालविलेल्या ‘टेरेस टॉक’ या कार्यक्रमात फुटबॉलविषयी परखड बोलले जाई. स्वतः फोगर्टी हे केरीचे माजी गोलरक्षक. त्यांच्या तोंडचा शब्द कोणाचा आहे हे गावोगाव माहीत. अशी टीका कितीही कडवट असली तरी ती ‘आपण’च्या आत राहूनच केलेली असते, कारण उद्या दुकानात, चर्चच्या दारात, शाळेच्या फाटकापाशी त्या माणसाची गाठ पडावयाची असते आणि बोललेल्या शब्दाला जबाब द्यावयाचा असतो. पराभूत व्यवस्थापकाला ‘तो’ करून सोडणारी वाणी क्रूर असते हे मी नाकारीत नाही. परंतु ज्या समूहातून ती त्याला काढते, त्याच समूहात बोलणारा स्वतः नाव-गावासह उभा असतो. म्हणून परतीची वाट उघडी राहते.

निनावी पत्राने ही वाट बुजते. त्याच्या व्याकरणात प्रथमपुरुषच नसतो. लिहिणारा केरीचा असतो, त्याची भाषा केरीची असते, कदाचित तो गेल्या रविवारी चार आसने सोडून बसलेला असतो. पण पत्रात तो कोणीही नसतो. पत्र घेणाऱ्याला मग प्रत्येक ओळखीच्या चेहऱ्यामागे तो लेखक असण्याचा संभव दिसू लागतो. दुकानदार, सहशिक्षक, पालक, सगळेच संशयित होतात. भर सभेत शिव्या देणारा एका माणसाला समूहाबाहेर घालवितो; निनावी लिहिणारा त्या माणसासाठी समूहच नाहीसा करतो. बिनपगारी सेवा जिच्या आधारावर चालते ती ओळखच येथे उलटते. वेतन घेणाऱ्या व्यवस्थापकाला अशी पत्रे आली तर तो शहर बदलू शकतो. डिंगलच्या शिक्षकाने कोठे जावे?

निनावी पत्रांविषयी बोलताना केरीतील काही जणांनी असे म्हटले, की हे मूठभर लोक खरे पाठीराखेच नव्हेत. हा युक्तिवाद मला मान्य होत नाही. त्यातही जुनीच क्रिया आहे : ज्याची लाज वाटते त्याला ‘आपण’मधून बाहेर काढावयाचे. पत्रे लिहिणारे पाठीराखेच होते. परकी माणसे दुसऱ्या काउंटीच्या व्यवस्थापकाला शिव्या घालण्यासाठी तिकिटाचे पैसे खर्च करीत नाहीत. त्यांना समूहाबाहेर ढकलले की उरलेल्या समूहाला आपल्या बोलण्याची झडती घ्यावी लागत नाही. उघड टीका आणि निनावी विष यांत भेद आहे, आणि तो मी वर आग्रहाने मांडला आहे. परंतु दोहोंना शब्द पुरविणारा कोश एकच आहे. गुत्त्यातील ‘तो’ पुष्कळ वेळा उच्चारला गेल्यावाचून लिफाफ्यातील शिवीला धीर येत नाही.

फिट्झमॉरिस यांच्या नंतर पीटर कीन आणि त्यांच्यानंतर पुन्हा एकदा जॅक ओकॉनर केरीचे व्यवस्थापक झाले. २०२२ आणि २०२५ साली ओकॉनर यांच्या संघांनी अजिंक्यपद मिळविले. २०२५ च्या विजयानंतर केरीच्या अजिंक्यपदांची संख्या ३९ झाली. तेही वर्ष सुरळीत गेले नव्हते. मीथकडून झालेल्या पराभवानंतर ओकॉनर यांच्याविषयीही तेच बोलले जाऊ लागले होते, तेच ‘तो’ आणि तेच ‘आपण’. फिट्झमॉरिस पुढे वृत्तपत्रातून फुटबॉलविषयी स्तंभलेखन करू लागले, आणि खेळाचे नियम सुधारण्यासाठी २०२४ साली नेमलेल्या समितीतही त्यांचा समावेश झाला. त्यांच्या स्तंभात केरीच्या संघनिवडीवर आणि डावपेचांवर टीका असते, क्वचित कठोरही असते. मजकुराच्या वर त्यांचे नाव छापलेले असते.